ट्रिगरवरचं बोट

उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्या नवख्या नेमबाजाचं कार्ड एकदा नीट बघा. मधल्या काळ्या भागात दोन-चार छर्रे बरे लागलेले असतात. बाकीची भोकं खाली डावीकडे, घड्याळात सात-आठ वाजतात त्या बाजूला, गोळा झालेली दिसतात. डावखुऱ्या मुलाचं कार्ड असेल तर हीच गर्दी खाली उजवीकडे. पालकांना वाटतं, पिस्तुलाची साईट बिघडली. मुलाला वाटतं, आपला हात हलतो. मग कोणीतरी पेचकस घेऊन साईट दोन-चार क्लिक फिरवतं, पुढचे पाच छर्रे मधे लागतात, सगळे खूश होतात आणि दुखणं मात्र तसंच आत राहतं. कारण बहुतेक वेळा बिघाड साईटमध्ये नसतो. शेवटच्या क्षणी बोटाने ट्रिगर दाबलेला नसतो, हिसकलेला असतो.

अमरावती-अकोल्याकडे नेमबाजीत येणारी मुलं बहुधा दोन वाटांनी येतात. एक वाट शालेय स्पर्धांची. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, आधी जिल्हा, मग अमरावती विभाग, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे, आणि तिथून राज्य. दुसरी वाट एनसीसीची, जिथे पॉइंट टू टू रायफलने पडून गोळ्या झाडलेल्या असतात. या दुसऱ्या वाटेच्या मुलांना पिस्तूल सुरुवातीला जास्त छळतं. रायफलला खांदा असतो, दोन हात असतात, जमिनीचा आधार असतो. ट्रिगरवरची थोडी घाई तिथे खपून जाते. एअर पिस्तूल एका हाताने, उभं राहून, मनगटाला कसलाही आधार न देता धरायचं असतं. बोटाची प्रत्येक चूक थेट नळीच्या टोकाला पोचते.

किती पोचते, ते आकड्यांत पाहिलं की मुलांना लवकर पटतं. दहा मीटरच्या पिस्तूल टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि पुढचं प्रत्येक वलय आठ मिलिमीटर रुंद. काळा भाग 59.5 मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या मागच्या साईटपासून पुढच्या साईटपर्यंतचं अंतर साधारण 33 सेंटिमीटर असतं. दहा मीटर म्हणजे त्याच्या सुमारे तीसपट. पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटरने खाली गेली, तर टार्गेटवर छर्रा तीन सेंटिमीटर खाली जातो. दहाऐवजी सात. एक मिलिमीटर म्हणजे मागच्या खाचेत दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या उजेडाच्या फटीएवढंही कधी कधी नसतं.

आता दुसरी बाजू बघा. दोन्ही साईट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात सावकाश डोलतो आहे आणि नेम टार्गेटवर सेंटिमीटरभर इकडे-तिकडे फिरतो आहे. अशा वेळी छर्रा सुटला तर तो फार तर सेंटिमीटरभर चुकेल. म्हणजे नऊ. हाताच्या डोलण्याने नऊ मिळतो, बोटाच्या हिसक्याने सात किंवा सहा. नवखा मुलगा नेमका उलटा हिशेब करतो. डोलण्याला घाबरतो आणि त्या भीतीपोटी हिसका मारतो.

हा हिसका कसा तयार होतो, ते जरा जवळून पाहू. मुलगा पिस्तूल उचलतो, काळ्याखालच्या पांढऱ्या भागात नेम आणतो. नेम डोलतो. डावीकडे, उजवीकडे, जरा वर. मधेच एका क्षणी सगळं अचूक दिसतं आणि डोक्यात हाक उठते, ‘आत्ता!’ बोट झडप घालतं. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात नेम त्या जागेवरून पुढे सरकलेला असतो. वर त्या झडपेसरशी एकटं बोट आवळत नाही. बाकीची तीन बोटं आणि तळवाही आवळतात, मूठ मिटल्यासारखी होते, मनगट खाली मोडतं, आणि बोटाची बाजू पिस्तुलाला डावीकडे ढकलते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच नळी खाली डावीकडे वळलेली असते. म्हणून भोकं तिथे.

म्हणजे अचूक क्षण पकडायची धडपड हेच मूळ आहे. ती सोडल्याशिवाय बोट सुधारत नाही. नेमबाजाचं काम क्षण निवडण्याचं नाही. साईट जुळलेल्या ठेवायच्या, आणि नेम आपल्या नेहमीच्या भागात डोलत असताना ट्रिगरवरचा दाब न थांबता, घाई न करता, सरळ मागे वाढवत न्यायचा. छर्रा कधी सुटेल ते आपल्याला नेमकं ठाऊक नसलं पाहिजे. डोळ्यात औषध घालताना ड्रॉपरचं रबर आपण हळूहळू दाबत जातो आणि थेंब त्याच्या वेळेला पडतो, तसं.

यासाठी ट्रिगर आतून कसा चालतो ते माहीत हवं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो. तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाची नळी सरळ वर धरतात, अर्धा किलोचं वजन ट्रिगरला लटकवून उचलतात, आणि ते वजन पेलूनही ट्रिगर सुटला नाही तरच पिस्तूल पास होतं. पंचवीस मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तुलाला हीच मर्यादा एक किलोची आहे. हे 500 ग्रॅम बहुतेक पिस्तुलांत दोन टप्प्यांत विभागलेले असतात. पहिल्या टप्प्यात ट्रिगर थोडा मागे सरकतो, मग एका जागी अडतो. त्या अडण्याला मुलं ‘भिंत’ म्हणतात, आणि शब्द चांगला आहे. भिंतीपाशी पोचेपर्यंत वजनाचा मोठा हिस्सा बोटाने उचललेला असतो. उरलेला थोडासा दाब वाढला की छर्रा सुटतो.

पुष्कळ मुलं पहिला टप्पा घेतच नाहीत. बोट ट्रिगरला नुसतं टेकवून नेम धरतात आणि मग सगळे 500 ग्रॅम एका झटक्यात ओढतात. काही मुलं पहिला टप्पा घेतात, पण भिंतीपाशी थांबून पाच-सहा सेकंद नेमाची वाट बघतात, आणि तिथून झडप घालतात. दोन्हीचा शेवट खाली डावीकडेच. पहिला टप्पा नेम खाली उतरून आपल्या जागी येताना घ्यावा. जागेवर आल्यावर दाब भिंतीतून पुढे जायला लागलेला असावा. चांगल्या नेमबाजाच्या हातात हे सगळं पाच ते आठ सेकंदांत संपतं.

बोट कुठे ठेवायचं यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. टोक आणि पहिलं पेर यांच्या मधला मांसल भाग ट्रिगरच्या मध्यावर, एवढं सुरुवातीला पुरे. कसोटी अशी, की दाब देताना पुढची साईट डावीकडे सरकते की उजवीकडे, ते बघावं. सरकत नसेल तर बोट बरोबर आहे. दुसरी कसोटी बोटाच्या मुळाशी. तिथे बोट आणि लाकडी ग्रिप यांच्यात किंचित मोकळी जागा हवी. बोट ग्रिपला चिकटलं, की ते ट्रिगरबरोबर अख्खं पिस्तूलही ढकलतं. ज्या पिस्तुलांचा ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो, त्यांत तो मुलाच्या बोटाच्या लांबीनुसार लावून द्यावा. क्लबचं एक पिस्तूल पाच मुलांत फिरतं तेव्हा हे होत नाही, आणि आखूड बोटांच्या मुलींना त्याचा त्रास सगळ्यांत जास्त होतो. प्रशिक्षकांनी इथे दोन मिनिटं खर्च करावीत.

पकड हा त्याचाच दुसरा भाग. मूठ किती आवळायची याला एकच नियम मी मानतो. उचलताना जितकी आवळली, तितकीच छर्रा सुटल्यानंतरही. कमी-जास्त चालेल, बदललेली चालणार नाही. हाताला सवय अशी असते की एक बोट वाकलं की बाकीचीही वाकतात. लिहिताना, भाकरी थापताना, दोरी ओढताना सगळी बोटं मिळून काम करतात. ट्रिगरवरचं बोट त्या कुटुंबातून वेगळं काढायला शिकवावं लागतं, आणि ते हजारो वेळा रिकामा ट्रिगर दाबूनच येतं.

म्हणून ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्ऱ्याशिवाय सराव. आजच्या बहुतेक स्पर्धा पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. हवा सुटत नाही, पण ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो. जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलाने रिकामा बार काढू नये, आतले भाग खराब होतात. घरी सराव करताना छर्ऱ्यांची डबी त्या खोलीत नसावीच. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः बघावं, मग दुसऱ्याला दाखवावं, नळी पक्क्या भिंतीकडेच असावी, आणि घरात मूल-माणूस त्या बाजूला येणार नाही हे आधी सांगून ठेवावं. बोट ट्रिगरवर जाईल ते पिस्तूल टार्गेटच्या दिशेला उचलल्यानंतरच. सराव संपला की पिस्तूल कुलपात.

पहिले काही दिवस टार्गेट नकोच. हात-दीड हातावर कोरी पांढरी भिंत, तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि पुढच्या साईटकडे बघत ट्रिगर दाबायचा. काळं वर्तुळ समोर नसलं की ‘आत्ता!’ म्हणायला काही उरत नाही. मग डोळ्याला फक्त एक गोष्ट दिसते, ट्रिगर सुटताना पुढची साईट हलली की नाही. हलली तर कुठे? खाली बुडाली तर मनगट मोडलं. डावीकडे गेली तर बोटाने ढकललं. उजवीकडे वर उडाली तर तळव्याची टाच पुढे रेटली गेली, म्हणजे मूल धक्क्याची वाट बघत होतं. ही भिंत खोटं बोलत नाही.

रेंजवर याचाच पुढचा धडा म्हणजे कार्ड उलटं लावणं. मागची बाजू कोरी असते. त्या कोऱ्या कागदाच्या मधोमध दहा छर्रे मारायचे आणि गुण मोजायचे नाहीत, फक्त भोकांचा पुंजका बघायचा. ज्या मुलाचं कार्ड सुलट्या बाजूला बशीएवढं पसरलेलं असतं, त्याचाच पुंजका उलट्या बाजूला आवळून येतो. हात तोच, पिस्तूल तेच. काळं वर्तुळ गेलं आणि त्याबरोबर घाई गेली. मुलांच्या डोळ्यांसमोर हे घडलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

लहान मुलांसाठी मी आणखी एक सुचवीन. पिस्तुलाचं वजन किलोच्या आसपास असतं आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा खांदा पंधरा मिनिटांत थकतो. थकलेल्या हाताला ट्रिगर शिकवता येत नाही. अशा मुलाला उंच स्टुलावर वाळूची किंवा सरकीची पिशवी ठेवून पिस्तुलाचं बूड तिच्यावर टेकवू द्यावं. हाताचं डोलणं गेलं, आता राहिलं फक्त बोट. आठवडाभर हे केलं तर चूक पिस्तुलाची नव्हती हेही सगळ्यांना कळतं. नंतर पिशवी काढावी. दुसरा चांगला प्रयोग जोडीने होतो. प्रशिक्षक पाठ करून पिस्तूल भरतो, कधी छर्रा घालतो, कधी रिकामंच बंद करून देतो. मुलाला ठाऊक नसतं. रिकाम्या वेळी नळी खाली बुडताना त्याला स्वतःलाच दिसते. इथे कोणी ओरडायची गरज नाही. ‘काहून घाई करून रायला बाप्पा?’ एवढं पुरतं.

छर्रा सुटला म्हणजे शॉट संपला, असं मुलांना वाटतं. छर्रा दहा मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग वगैरे घेतो, आणि नळीतून बाहेर पडायला त्याहून खूप कमी. तेवढ्यात हात खाली टाकायची घाई असेल तर ती घाई छर्रा नळीत असतानाच सुरू झालेली असते. म्हणून छर्रा सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद नेम धरून ठेवायचा, बोट मागे दाबलेलंच ठेवायचं आणि साईट परत कुठे येऊन थांबते ते बघायचं. याला फॉलो थ्रू म्हणतात. आणि टार्गेटकडे किंवा स्क्रीनकडे बघण्याआधी तोंडाने सांगायचं, ‘नऊ, खाली डावीकडे’. आधी अंदाज, मग पडताळा. जो मुलगा दहापैकी सात-आठ वेळा बरोबर सांगतो, त्याचे डोळे शेवटपर्यंत पुढच्या साईटवर होते हे नक्की. मला गुणांपेक्षा हा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

आणि सगळ्यांत कमी शिकवली जाणारी गोष्ट, पिस्तूल खाली घेणं. दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये 60 शॉटसाठी 75 मिनिटं मिळतात, सरावाच्या शॉटची 15 मिनिटं आधी वेगळी. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. नेम आठ-दहा सेकंदांहून लांबला, दाब मधेच थांबला, डोळ्यात पाणी आलं, शेजारच्या लेनवर आवाज झाला, तर बोट बाहेर काढून हात खाली, दोन श्वास, पुन्हा. नियम याला कुठेही आड येत नाही. पण मागे रांगेत पालक बसलेले असतात, आणि उचललेलं पिस्तूल न मारता खाली घेणं मुलांना कमीपणाचं वाटतं. मग तो लांबलेला शॉट झटक्याने सुटतो आणि सहा लागतो.

राही सरनोबतचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, जरी तिचा प्रकार वेगळा. कोल्हापूरच्या राहीने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगच्या रेंजवर 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या नफास्वान यांगपैबूनशी 34-34 अशी बरोबरी झाली, पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्यात राही जिंकली. या फेरीत प्रत्येक शॉटला तीन सेकंद मिळतात. हात 45 अंशांखाली, खूण झाली की वर, आणि 10.2 किंवा त्याहून जास्त लागलं तरच गुण. ट्रिगर किलोभराचा. तीन सेकंदांत नेम लावून मग दाब द्यायला सुरुवात करणाऱ्याला वेळच उरणार नाही. हात वर येतानाच पहिला टप्पा घेतलेला असतो आणि साईट काळ्यात शिरत असताना दाब वाढतच असतो. वेग दिसतो तो हाताचा, बोट सावकाशच आहे. तीन सेकंदांतही हिसक्याला जागा नाही, तर आपल्याकडे सव्वा मिनिट आहे.

अमरावतीकरांना हे समजावणं तसं अवघड जाऊ नये. साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव इथल्याच क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. तिरंदाजाच्या धनुष्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाण पुरेसा मागे आला की ती टक्कन वाजते आणि मग प्रत्यंचा सुटते. ती पट्टी कशासाठी? तर सोडायचा क्षण तिरंदाजाच्या मनाने निवडू नये म्हणून. पिस्तुलाला अशी पट्टी नाही. तिचं काम दाबाच्या सवयीने करावं लागतं.

वऱ्हाडातल्या उन्हाचंही बोललं पाहिजे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जाणं नवं नाही. तळवा ओला झाला की ग्रिप कणभर फिरते, आणि ग्रिप फिरली की बोट ट्रिगरवर दुसऱ्या जागी पडतं. कोरडा टॉवेल जवळ हवा, आणि प्रत्येक उचलण्याआधी पकड नव्याने बसवायची सवय. सराव सकाळी. कूलरचा झोत नेमबाजाच्या हातावर येऊ देऊ नये, गार वाटतं पण हात डोलवतो. हवेची भरलेली नळकांडी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा गच्चीवर कधीही ठेवू नये. त्यांत सुमारे 200 बार दाब असतो. नळकांड्यावर छापलेली मुदतही बघावी, ती साधारण दहा वर्षांची असते, आणि जुनं पिस्तूल विकत घेताना लोक हेच बघायला विसरतात.

मोठ्या स्पर्धेत हे सगळं कुठे जाऊन पोचतं, त्याचा एक आकडा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 28 जुलै 2024 ला मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा तिचे गुण होते 221.7. रौप्याच्या शर्यतीत टिकलेली दक्षिण कोरियाची किम ये-जी त्या क्षणी फक्त 0.1 ने पुढे होती. टार्गेटवर 0.1 म्हणजे 0.8 मिलिमीटर.

आता शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. मूल पिस्तूल शिकायला लागल्यावर पहिले दोन महिने त्याला ‘आज किती आले?’ असं विचारू नका. ‘किती वेळा पिस्तूल न मारता खाली घेतलंस?’ आणि ‘सांगितलेले किती बरोबर निघाले?’ एवढं विचारा. रोज वीस मिनिटं कोऱ्या भिंतीसमोर, रिकाम्या पिस्तुलाने, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. याला छर्ऱ्यांचा खर्च नाही, रेंजचं भाडं नाही, आणि कारंज्याचं किंवा दर्यापूरचं मूलही ते घरी करू शकतं. जिल्हा स्पर्धेला अजून वेळ असेल तर भिंतीपासूनच सुरुवात करा.